जॉबवर्कचा करार लिहिताना: कलमं, आकडे आणि नेहमी अडकणाऱ्या जागा

भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज अशा कुठल्याही एमआयडीसीत नव्या मशीनशॉपची सुरुवात बहुतेक वेळा सारखीच होते. ओळखीतून काम मिळतं, दर फोनवर ठरतो, मेलवर एक पानी पीओ (खरेदीची ऑर्डर) येतो आणि पहिला टेम्पो कास्टिंग (साच्यात ओतलेले धातूचे भाग) उतरवून जातो. करार होतच नाही. काही महिने सगळं सुरळीत चालतं. मग एखाद्या महिन्यात रिजेक्शन वाढतं, डेबिट नोट (बिलातून रक्कम कापल्याचा कागद) येते, तिच्यातला आकडा मान्य नसतो आणि बिल अडकतं. त्या दिवशी टेबलावर ठेवायला कागद नसतो.

तो कागद कसा तयार करायचा हे इथे कलमवार दिलं आहे. उदाहरण एकच धरलं आहे: गिऱ्हाईक कास्टिंग पाठवतं, तुम्ही सीएनसी आणि व्हीएमसी या संगणकावर चालणाऱ्या मशीनवर मशिनिंग करून परत देता. फॅब्रिकेशन, पावडर कोटिंग, शिलाई यांच्या जॉबवर्कलाही हाच सांगाडा थोड्या फरकाने चालतो. भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे तोंडी करारही करारच असतो, पण काय ठरलं होतं हे सिद्ध करायची वेळ आली की सगळा भार साक्षीदार आणि व्हॉट्सअ‍ॅप चॅटवर येतो.

लिहायला बसण्याआधी

पाच कागद समोर ठेवा: दोघांची जीएसटी प्रमाणपत्रं, तुमचं उद्यम प्रमाणपत्र (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी), ड्रॉइंगची रिव्हिजन (आवृत्ती) क्रमांकासकट प्रत, आधीचे पीओ (मागच्या बाजूच्या बारीक अटींसकट) आणि तुमच्या प्रोसेसची ऑपरेशननिहाय यादी. यातला एक जरी नसेल तर कलम लिहिताना तिथे अंदाज घुसतो.

प्रत्येक कलम लिहून झालं की त्याला सहा प्रश्न विचारा. कोणी करायचं, काय, किती, कधीपर्यंत, झालं हे कशावरून ठरणार आणि झालं नाही तर पुढे काय? ‘वाजवी वेळेत’, ‘उत्तम प्रतीचं’, ‘परस्पर सामंजस्याने’ हे शब्द दिसले की त्या जागी आकडा किंवा तारीख घाला. करार कायद्याच्या कलम २९ प्रमाणे ज्याचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही असा करार रद्दबातल ठरतो. सगळा करार क्वचितच कोसळतो, पण अस्पष्ट कलमाचा अर्थ मग दुसरं कोणी तरी लावतं.

१. पक्षकार: नाव कोणाचं, सही कोणाची

पाटीवरचं नाव लिहू नका. जीएसटी प्रमाणपत्रावरचं कायदेशीर नाव, व्यवसायाचं स्वरूप, पॅन, जीएसटी क्रमांक, नोंदणीकृत पत्ता आणि काम जिथे होणार तो पत्ता असं सगळं लिहा. एकल मालकीच्या धंद्यात करार मालकाच्या नावाने होतो: ‘अमुक, अमुक इंजिनिअरिंगचे मालक’. कंपनी असेल तर सही करणाऱ्याला अधिकार देणारा संचालक मंडळाचा ठराव किंवा अधिकारपत्र मागून कराराला जोडा. परचेस मॅनेजरच्या सहीवर समाधान मानलं तर ‘त्यांना अधिकारच नव्हता’ हे उत्तर पुढे ऐकावं लागू शकतं.

भागीदारी संस्थेत एक बारीक खाच आहे. भारतीय भागीदारी कायदा, १९३२ च्या कलम १९ प्रमाणे, धंद्याची तशी रूढी नसेल तर, संस्थेचा वाद लवादाकडे (न्यायालयाऐवजी निवाडा देणाऱ्या तिऱ्हाइताकडे) सोपवण्याचा अधिकार एकट्या भागीदाराला गृहीत धरला जात नाही. म्हणून करारात लवादाचं कलम असेल तर सगळ्या भागीदारांच्या सह्या घ्या, किंवा एकाला तसा लेखी अधिकार द्या. संस्था नोंदलेली आहे ना तेही पाहा. त्याच कायद्याच्या कलम ६९ मुळे अनोंदणीकृत संस्थेला करारावरून तिऱ्हाइतावर दावा लावता येत नाही, म्हणजे तुमचंच हत्यार बोथट होतं.

२. काम: ड्रॉइंग हेच कलम

‘फ्लँजचं मशिनिंग’ एवढ्याने काम ठरत नाही. पार्ट नंबर, ड्रॉइंग नंबर, रिव्हिजन आणि तिची तारीख, करायची ऑपरेशन्स, न करायची ऑपरेशन्स (डीबरिंग म्हणजे कडांची कुसळं काढणं, वॉशिंग, रस्ट प्रिव्हेंटिव्ह तेल, पॅकिंग ही चार नेहमी राहून जातात) आणि महिन्याची अंदाजे संख्या हे सगळं परिशिष्ट ‘अ’ मध्ये टाका. मुख्य करारात फक्त त्या परिशिष्टाचा उल्लेख ठेवा. नवा पार्ट आला की परिशिष्टाचं एक पान वाढतं, करार तोच राहतो.

रिव्हिजन बदलली तर काय, हे इथेच लिहा:

‘ड्रॉइंगमधील कोणताही बदल लेखी कळवल्यापासून ५ कामकाजाच्या दिवसांत जॉबवर्कर बदललेला दर आणि मुदत कळवेल. दोघांनी लेखी मान्य करेपर्यंत जुन्या रिव्हिजनप्रमाणे काम चालू राहील. बदल कळवण्यापूर्वी पूर्ण झालेले किंवा मशीनवर चढलेले नग जुन्या रिव्हिजनप्रमाणे स्वीकारले जातील.’

यातलं शेवटचं वाक्य गाळू नका. टॉलरन्स (मापात चालणारा फरक) ५० मायक्रॉनवरून ३० वर आणल्याचा मेल दुपारी येतो, तेव्हा सकाळच्या शिफ्टचे ८० नग ट्रेमध्ये तयार असतात.

महिन्याची संख्या नुसती अंदाजे असेल तर तसं स्पष्ट लिहा. त्या संख्येच्या भरवशावर तुम्ही मशीनचं कर्ज काढत असाल तर मात्र ‘किमान इतके नग, न दिल्यास प्रतिनग इतकी रक्कम’ असं बांधून घ्या. गिऱ्हाईक सहज तयार होत नाही, पण मागण्याची हीच वेळ असते.

३. गिऱ्हाइकाचा माल तुमच्या दारात

कास्टिंग तुमच्याकडे आलं तरी मालकी गिऱ्हाइकाची राहते. करार कायद्याचं कलम १५१ सांगतं की साधारण शहाणा माणूस स्वतःच्या मालाची घेईल तितकी काळजी तुम्ही अशा मालाची घ्यायची, आणि कलम १५२ प्रमाणे तितकी घेतल्यावरही नुकसान झालं तर, खास वेगळं ठरलं नसेल तर, तुम्ही जबाबदार नाही. मोठ्या गिऱ्हाइकांच्या छापील करारात हे ‘खास वेगळं’ हमखास असतं: माल तुमच्या आवारात असेपर्यंत कोणत्याही कारणाने नुकसान झालं तरी भरपाई तुमची. ती अट मान्य करायची असेल तर विमा काढावा लागेल. तेव्हा विमा कोणाचा, किती रकमेचा आणि हप्ता कोण भरणार हे त्याच कलमात लिहा.

मोजणीचं कलम दोन ओळींचं पुरतं. चलनावरचे (मालासोबत येणाऱ्या पावतीवरचे) नग उतरवताना मोजायचे आणि फरक असेल तर २४ तासांत मेलवर कळवायचा. दिसणारा दोष, म्हणजे तडा, कमी भरलेलं कास्टिंग, चुकीचा ग्रेड मार्किंग, ३ कामकाजाच्या दिवसांत कळवायचा. आतला दोष मशिनिंग करताना उघडा पडतो, त्याला ही मुदत लागू नाही असंही लिहा.

जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कला दिलेला कच्चा माल १ वर्षात आणि भांडवली वस्तू ३ वर्षांत परत यायला हव्यात. मोल्ड, डाय, जिग, फिक्स्चर (नग मशीनवर पकडून ठेवणारं साधन) आणि टूल यांना ही मुदत नाही. माल वेळेत परत न आल्यास तो पहिल्या दिवशीच तुम्हाला पुरवला असं धरून कर गिऱ्हाइकाकडे निघतो, आणि ते तो तुमच्याकडून वसूल करू पाहतात. त्यामुळे दर तिमाहीला चलननिहाय शिल्लक जुळवून दोघांनी सही करायची असं कलमच ठेवा.

चिप्स, म्हणजे मशिनिंगमध्ये निघालेला धातूचा चुरा, कोणाच्या? कास्टिंग ४ किलो, तयार नग ३.२ किलो, म्हणजे नगामागे ८०० ग्रॅम आणि ५०० नगांत ४०० किलो चिप्स. हे पैसे आहेत. चिप्स तुमच्या असतील तर दर त्या हिशेबाने कमी ठरलेला असतो, आणि परत द्यायच्या असतील तर वजनात किती टक्के घट चालेल ते लिहावं लागतं, कारण कूलंट आणि धुळीत थोडं वजन जातंच.

४. तपासणी आणि रिजेक्शन: इथे वेळ घालवा

जॉबवर्कमधली बहुतेक भांडणं इथे जन्मतात, आणि करारातलं सर्वांत लांब कलम हेच असायला हवं.

आधी मोजमाप. तुमच्याकडे बोअर (नगातलं भोक) हवेच्या दाबावर मोजणाऱ्या एअर गेजवर ओके येतो, गिऱ्हाइकाच्या सीएमएमवर (संगणकीय मोजमाप यंत्रावर) तोच १० मायक्रॉनने बाहेर जातो. कोणाचं खरं? करारात प्रत्येक महत्त्वाच्या मापापुढे साधन लिहा, कॅलिब्रेशन प्रमाणपत्र किती महिन्यांचं चालेल ते लिहा, नमुन्याची संख्या लिहा. वाद झाला तर ३ कामकाजाच्या दिवसांत दोघांच्या उपस्थितीत पुन्हा मोजणी, तरीही एकमत नसेल तर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत, आणि ज्याचं म्हणणं चुकीचं ठरेल त्याने फी भरायची. फीचं हे एक वाक्य असलं की किरकोळ वाद प्रयोगशाळेपर्यंत जातच नाहीत.

मग रिजेक्शनचे प्रकार. शॉपफ्लोअरवर सीआर आणि एमआर हे शब्द रोज वापरले जातात: सीआर म्हणजे कास्टिंगमधल्या दोषामुळे गेलेला नग, एमआर म्हणजे मशिनिंगमुळे गेलेला. करारात मात्र हा फरक अनेकदा नसतो. त्याचा परिणाम आकड्यांत पाहा.

५०० कास्टिंग आली. मशिनिंगचा दर नगाला ६२ रुपये, कास्टिंगची किंमत ४१० रुपये. ४८५ नग ओके, ९ नगांत शेवटच्या ऑपरेशनला ब्लोहोल (ओतताना आत राहिलेल्या पोकळ्या) निघाले, ६ नग तुमच्या चुकीने अंडरसाइझ गेले. करारात फक्त ‘रिजेक्ट नगांची किंमत वजा केली जाईल’ एवढंच असेल तर हिशेब असा लागतो: ४८५ नगांचे ३०,०७० रुपये, त्यातून १५ कास्टिंगचे ६,१५० वजा, हातात २३,९२०. ब्लोहोल फाउंड्रीचा, टूल तुमचं झिजलं, मशीनचे तास तुमचे गेले आणि वर कास्टिंगचे पैसेही तुम्हीच भरले.

आता हे कलम घाला:

‘(क) कास्टिंगमधील दोषामुळे बाद झालेल्या नगावर, दोष उघड होईपर्यंत पूर्ण झालेल्या ऑपरेशन्सचा दर परिशिष्ट “अ” प्रमाणे देय राहील आणि त्या नगाची कोणतीही वजावट होणार नाही. (ख) मशिनिंगमुळे बाद झालेल्या नगांवर मशिनिंगचा दर देय नाही. असे नग प्रत्येक चलनावरील संख्येच्या १ टक्क्यापर्यंत असल्यास कास्टिंगची किंमत वजा होणार नाही; त्यावरील प्रत्येक नगामागे कास्टिंगची किंमत, भंगाराचे मूल्य वगळून, वजा होईल. (ग) बाद नग कारणासह वेगळे ठेवले जातील आणि जॉबवर्करला ७ दिवस पाहण्यासाठी उपलब्ध राहतील.’

त्याच ५०० नगांचा हिशेब: ४८५ अधिक ९ असे ४९४ नग, ६२ रुपयांनी ३०,६२८. एमआर ६, त्यातले ५ मर्यादेत. उरलेल्या एकाचे ४१० रुपये, त्यातून ४ किलो भंगाराचे ३५ रुपये किलोने १४० गेले, वजावट २७०. हातात ३०,३५८. एका चलनावर ६,४३८ रुपयांचा फरक, आणि तो कोणी कोणाला फसवून झालेला नाही. एका कलमाने तो मिटतो.

परिशिष्टात ऑपरेशननिहाय दर हवा तो यासाठीच. ६२ रुपयांचा एकच आकडा असेल तर पहिल्या सेटअपला ब्लोहोल सापडला तेव्हा किती द्यायचे हे ठरत नाही.

‘(ग)’ तर कधीच सोडू नका. नग न दाखवता महिन्याच्या शेवटी नुसता आकडा डेबिट नोटवर येतो, नग तोवर भंगारात गेलेले असतात. ‘नग दाखवल्याशिवाय वजावट नाही’ हे गिऱ्हाइकाच्या क्वालिटी विभागालाही सोयीचं असतं, कारण फाउंड्रीकडे क्लेम करायला त्यांनाही तेच नग लागतात.

दोष कळवण्याची मुदत १५ दिवस ठेवा. असेंब्ली लाइनवर नंतर सापडणाऱ्या मशिनिंगच्या दोषांसाठी वेगळी, उदाहरणार्थ ९० दिवसांची मुदत ठेवता येते, पण त्या दोषात तुमची जबाबदारी रिवर्क किंवा त्या नगाच्या किमतीपुरती असेल असं लिहा. लाइन थांबल्याचं नुकसान, त्यांच्या गिऱ्हाइकाने लावलेला दंड यांना वरची मर्यादा नसेल तर ६२ रुपयांच्या कामासाठी तुम्ही लाखोंची जोखीम डोक्यावर घेता. एकूण भरपाईची कमाल मर्यादा, म्हणजे मागच्या ३ किंवा ६ महिन्यांच्या बिलांइतकी रक्कम, एका ओळीत येते.

५. डिलिव्हरी आणि उशीर

दिवस कामकाजाचे की कॅलेंडरचे? भोसरी-चाकण पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, गिऱ्हाइकाचं ऑफिस मुंबईत असेल तर तिथे रविवारी. ‘७ दिवसांत’ लिहिलं तर दोघांचे सात दिवस वेगळे निघतात. ‘कामकाजाचा दिवस म्हणजे गुरुवार व परिशिष्टातील सुट्ट्या सोडून कोणताही दिवस’ अशी व्याख्या सुरुवातीलाच करा, आणि मुदत पीओच्या तारखेपासून न मोजता कास्टिंग तुमच्या गेटवर आल्यापासून मोजा. कास्टिंग उशिरा आलं तर मुदत तितकीच पुढे जाते, वेगळं पत्र लिहावं लागत नाही.

उशिराची भरपाई साधारण दर आठवड्याला उशीर झालेल्या मालाच्या जॉबवर्क किमतीच्या अर्धा टक्का, कमाल ५ टक्के, अशी लिहिली जाते. ‘जॉबवर्क किमतीच्या’ हे शब्द नीट पाहा, कारण तयार भागाच्या पूर्ण किमतीवर टक्का लावला की आकडा कितीतरी पट होतो. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते आणि न्यायालय तिच्या आत वाजवी भरपाई देतं. त्यामुळे भीती घालायला भलामोठा दंड लिहून गिऱ्हाइकालाही फारसं काही मिळत नाही.

६. दर आणि पैसे

दरापुढे तीन गोष्टी हव्यात: जीएसटी वेगळा की धरून, वाहतूक कोणाची, आणि दर किती काळ बांधलेला. कायद्यातला जीएसटीचा दर बदलू शकतो, म्हणून टक्केवारी न लिहिता ‘त्या दिवशी लागू असलेल्या दराने वेगळा’ असं लिहा. वर्षाच्या करारात वीज, इन्सर्ट (टूलची बदलायची कापणारी टोकं) आणि किमान वेतन यांच्या वाढीसाठी पुनर्विचाराचं कलम ठेवा: कोणता आकडा, किती टक्क्यांहून जास्त हलला तर, किती दिवसांत. हे आत्ताच लिहिण्याचं कारण असं की खर्च वाढला म्हणून करारातून सुटका होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या एनर्जी वॉचडॉग निकालात कोळशाचे भाव वाढले एवढ्याने वीज कंपन्यांना सुटका दिली नव्हती.

पैशांची मुदत कधीपासून मोजायची हा या कलमाचा गाभा. ‘बिल पास झाल्यापासून ४५ दिवस’ आणि ‘माल पोचल्यापासून ४५ दिवस’ यांत महिन्याभराचा फरक पडू शकतो, कारण बिल कधी पास करायचं हे त्यांच्या हातात असतं.

तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उद्योग असाल तर एमएसएमईडी कायदा, २००६ (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा) तुमच्या बाजूने उभा आहे. एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म म्हणजे यंत्रसामग्रीत अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि १० कोटींपर्यंत उलाढाल, लघु म्हणजे २५ कोटी आणि १०० कोटी. कलम १५ प्रमाणे लेखी ठरलेली मुदत मालाच्या स्वीकारापासून ४५ दिवसांहून जास्त असू शकत नाही, आणि मुदत लिहिलेलीच नसेल तर हिशेब १५ दिवसांचा. माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर पोचल्याचा दिवसच स्वीकाराचा दिवस धरला जातो. वर दोष कळवायला १५ दिवस लिहिले ते याच्याशी जुळावं म्हणून. मुदत टळली की कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागतं. बँक रेट ६ टक्के धरला तर व्याज १८ टक्के. करारात ‘९० दिवस, व्याज नाही’ लिहून घेतलं असलं तरी हे कलम त्यावर चढतं.

मुदतीबाहेर थकवलेली रक्कम गिऱ्हाइकाला आयकरात त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखवता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देतील त्या वर्षी दाखवता येते. आयकर कायद्यातली ही दुरुस्ती २०२३ मधली आहे आणि मार्चअखेर त्यांचा अकाउंट्स विभाग उद्यम प्रमाणपत्र मागतो ते त्यामुळे. उद्यम क्रमांक करारावर आणि प्रत्येक बिलावर छापा. नोंदणी कराराआधीच करून ठेवा. नोंदणीआधीच्या व्यवहारांना हे संरक्षण मिळतं का, यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेले आहेत आणि तुम्हाला त्या वादात अडकायचं नाही.

कलमाचा नमुना:

‘माल गिऱ्हाइकाच्या गेटवर पोचल्याच्या तारखेपासून ३० दिवसांत बिलाची पूर्ण रक्कम देय राहील. कोणत्याही नगाबद्दल वाद असल्यास फक्त त्या नगांची रक्कम थांबवता येईल, उरलेली रक्कम मुदतीत दिली जाईल. बिल गिऱ्हाइकाच्या जीएसटी पोर्टलवर दिसत नसल्यास फक्त कराची रक्कम, ते दिसेपर्यंत, थांबवता येईल.’

मधलं वाक्य नसेल तर ६ नगांच्या वादासाठी ५०० नगांचं बिल अडकतं. शेवटचं वाक्य गिऱ्हाइकाची रास्त अडचण सोडवतं: तुम्ही जीएसटीआर-१ (विक्रीचा जीएसटी रिटर्न) वेळेत भरला नाही तर त्यांना क्रेडिट मिळत नाही.

पैसे मिळेपर्यंत माल अडवून ठेवता येतो का? करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे मालावर कसब किंवा मेहनत लावणाऱ्याला आपली मजुरी मिळेपर्यंत तो माल राखून ठेवण्याचा हक्क आहे, वेगळं ठरलं नसेल तर. कायद्यातच शिंप्याचं उदाहरण आहे: तयार होताच कोट देण्याचं आणि तीन महिने उधारीचं वचन दिलेल्या शिंप्याला कोट अडवता येत नाही. तुम्ही ३० दिवसांची उधारी दिली की तुमचीही गत तीच. म्हणून ‘मागील बिल मुदतीनंतर १५ दिवस थकल्यास जॉबवर्करला पुढील माल राखून ठेवता येईल व नवीन काम थांबवता येईल, तो उशीर मानला जाणार नाही’ हे वाक्य मुद्दाम घाला.

७. फिक्स्चर, गेज, ड्रॉइंग

फिक्स्चरचे पैसे गिऱ्हाइकाने दिले असतील तर ते त्यांचं, त्यावर टॅग लावा आणि यादी जोडा. तुम्ही बनवलं आणि खर्च दरात पसरवला असेल तर किती नगांत वसूल होणार ते लिहा. काम त्याआधी थांबलं तर उरलेली रक्कम त्यांनी द्यायची. ५,००० नगांच्या हिशेबाने बनवलेलं फिक्स्चर ८०० नगांनंतर रॅकवर पडून राहणं नव्या शॉपला महागात जातं.

गोपनीयतेचं कलम सही करण्याजोगं असतं: ड्रॉइंग दुसऱ्याला दाखवायचं नाही, काम संपल्यावर परत करायचं. ‘करार संपल्यावर २ वर्षं त्याच प्रकारचं काम दुसऱ्या कोणासाठी करायचं नाही’ ही अट मात्र करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे टिकत नाही. तरीही ती काढून टाकायला सांगा. टिकत नसलेल्या अटीचा धाकही नवं काम घेताना आड येतो.

८. करार कधी संपतो

मुदत, नूतनीकरण आणि बाहेर पडण्याची नोटीस लिहा. विनाकारण बाहेर पडायला दोघांना सारखीच नोटीस हवी, ६० दिवस ठीक. त्यांना ७ दिवस आणि तुम्हाला ९० असं असेल तर बदलून घ्या. अटभंगासाठी आधी लेखी कळवून १५ दिवस सुधारायला द्यायचे. संपताना मशीनवर चढलेल्या मालाचं काय, शिल्लक कास्टिंग कोणी न्यायची आणि त्याचं भाडं कोणाचं, शेवटचा हिशेब किती दिवसांत, हे चार मुद्दे पुरतात.

आपत्तीच्या कलमात पूर, आग, संप, सरकारी बंदी असं नाव घेऊन लिहा. वीज किती तास सलग गेली तर ती आपत्ती, हेही लिहा, नुसतं ‘वीजपुरवठा’ लिहून भागत नाही.

९. वाद झाला तर

लवादाचं कलम सवयीने चिकटवलं जातं. वर्षाला २०-२५ लाखांच्या जॉबवर्कला लवादाचा खर्च बहुधा झेपत नाही. अशा करारात न्यायालयाचं अधिकारक्षेत्र एवढंच लिहावं हे आमचं स्पष्ट मत आहे: ‘फक्त पुणे येथील न्यायालयांना अधिकार राहील’. निवडलेल्या शहराचा व्यवहाराशी खरा संबंध हवा, ज्या न्यायालयाला मुळात अधिकार नाही त्याला तो कराराने देता येत नाही. ३ लाख आणि त्यावरचे व्यापारी वाद व्यापारी न्यायालयात जातात, आणि तातडीचा मनाई हुकूम नको असेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे.

लवाद ठेवायचाच तर संख्या, स्थान, भाषा आणि नेमणुकीची रीत लिहा. ‘लवाद गिऱ्हाईक कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक नेमतील’ अशी कलमं जुन्या नमुन्यांत अजून सापडतात. वादात हितसंबंध असलेल्या व्यक्तीला एकतर्फी एकमेव लवाद नेमता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या पर्किन्स ईस्टमन निकालात ठरवलं. त्याऐवजी ‘दोघांच्या संमतीने, ३० दिवसांत संमती न झाल्यास मुंबई उच्च न्यायालयामार्फत’ असं लिहा.

थकबाकीसाठी सूक्ष्म आणि लघु उद्योगांना एमएसएमईडी कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडेही जाता येतं, करारात लवादाचं कलम असलं तरी. परिषदेचा निवाडा तुमच्या बाजूने लागला आणि गिऱ्हाइकाला तो आव्हानायचा असेल तर आधी ७५ टक्के रक्कम जमा करावी लागते.

‘६ महिन्यांत दावा न लावल्यास हक्क संपेल’ असं कुठे दिसलं तर घाबरू नका. मुदत कायद्याने दिलेली मुदत, करारभंगाला साधारण ३ वर्षं, अशी आखूड करणारी अट करार कायद्याच्या कलम २८ प्रमाणे रद्दबातल आहे.

१०. पीओ मोठा की करार

करार महिनाभर घासून लिहिला आणि पुढच्या आठवड्यात आलेल्या पीओच्या पाठीमागे छापलेलं असतं: ‘या अटी इतर सर्व अटींवर प्रभावी राहतील’. तुम्ही तो पीओ स्वीकारून काम सुरू करता, आणि नवी कबुली नंतरची ठरते. यावर एकच उपाय, करारात क्रम लिहा: ‘आधी हा करार, मग परिशिष्टं, मग पीओ. पीओवरील छापील अटी या कराराशी विसंगत असतील तेवढ्या लागू होणार नाहीत. या करारातील बदल दोन्ही पक्षांच्या सहीच्या लेखी पुरवणीनेच होईल.’ त्यांना प्रत्येक पीओवर कराराचा क्रमांक आणि तारीख छापायला सांगा.

नोटीस कुठल्या ईमेलवर गेली की पोचली समजायची, तेही इथेच. व्यक्तीचा मेल देऊ नका, माणूस नोकरी सोडतो. विभागाचा मेल द्या.

११. मुद्रांक आणि सह्या

महाराष्ट्रात साध्या करारावरचं मुद्रांक शुल्क ऑक्टोबर २०२४ मध्ये १०० वरून ५०० रुपये झालं. जुन्या सवयीने १०० च्या स्टँपवर केलेला करार कमी मुद्रांकाचा ठरतो, आणि फरक व दरमहा २ टक्क्यांनी दंड भरेपर्यंत न्यायालयात पुरावा म्हणून घेतला जात नाही. मुद्रांक सहीआधी, सहीच्या वेळी किंवा पुढच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत लावायचा असतो. जुना स्टँपपेपर वापरू नका, विकत घेतल्यापासून ६ महिन्यांनी तो बाद होतो. बांधकाम किंवा उभारणीच्या कंत्राटाला रकमेप्रमाणे वेगळं शुल्क लागतं, तिथे हा ५०० चा आकडा धरू नका.

नोटरी केलं म्हणजे करार पक्का झाला असं नाही, आणि नोटरी नाही म्हणून तो कच्चाही नसतो. सही कोणी, कधी केली याचा तो पुरावा होतो एवढंच. जास्त महत्त्वाचं हे: प्रत्येक पानावर आणि प्रत्येक परिशिष्टावर दोघांच्या सह्या, खाडाखोड असेल तिथे आद्याक्षरं, सहीखाली नाव, पद आणि तारीख, दोन साक्षीदार. करार मराठीत केला तरी पूर्ण वैध असतो. मराठी आणि इंग्रजी दोन्ही प्रती असतील तर अर्थात फरक पडल्यास कोणती प्रत खरी धरायची ते लिहा.

सह्या झाल्यावर मूळ प्रत कपाटात जाईल, पण परिशिष्ट ‘अ’, रिजेक्शनचं कलम आणि पैशांचं कलम यांच्या प्रती तीन ठिकाणी द्या: गेटवर चलन घेणाऱ्याला, क्वालिटीच्या टेबलावर आणि बिलं काढणाऱ्याला. २४ तासांत नगांचा फरक कळवायचा आहे हे गेटवरच्या माणसाला माहीत नसेल, तर पहिल्याच टेम्पोपासून ते कलम हातचं गेलं.